नौपाडा ते नेरूळ, अंपायरच्या मागावर

शुक्रवार

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये नाशिक रोडला चढलं की पासहोल्डरांचं राज्य. समोरच्या चौघांचा पत्त्यांचा डाव इगतपुरीच्या आधीच रंगात आला होता आणि कसारा घाट उतरेपर्यंत त्यात दोनदा जुंपली. दोन्ही वेळा वाद एकच, पान आधी पडलं की हात आधी उचलला. निवाडा करायला कोणी नव्हतं, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरलं. मी ज्या कामाला निघाले होते त्याची उजळणीच झाली म्हणायची.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करायचे. त्यापुढे गाडी गेली नाही, आणि त्याचं फार दुःख करत बसावं इतकी मी चांगली नव्हतेही. पण मैदान सुटत नाही. अंपायरिंगच्या परीक्षेला बसावं असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. ठाण्याच्या मामांना फोन केला तर म्हणाले, "फोनवर सांगून कळायचं नाही. ये, उभी राहून बघ, मग ठरव."

मामा बँकेच्या टीमकडून टाइम्स शील्ड या मुंबईतल्या ऑफिस संघांच्या स्पर्धेत, खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचे. गुडघ्याने दगा दिला तेव्हा मित्रांनी कॅरम सुचवला, मामांनी अंपायरिंगची परीक्षा दिली. आता नोकरीतून निवृत्त झालेत, पण शनिवार-रविवार ऑफिस सामन्यांत, क्लबच्या सामन्यांत उभे असतात. घर नौपाड्यात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्याच गुडघ्याने रोज चढतात.

दुपारी जेवण झाल्यावर मामांनी उद्याची बॅग भरायला घेतली, तेव्हा मी जवळच बसले. चेंडू मोजायचं क्लिकर, बेल्सचा जादा जोड, छोटी कात्री, चेंडूचा आकार तपासायची रिंग, ओला चेंडू पुसायला फडकं, दोन पेन (एक ऐनवेळी चालत नाहीच), खिशात मावेल एवढी वही, लिमलेटच्या गोळ्या. क्लिकर येण्याआधी मामा सहा नाणी घेऊन उभे राहायचे आणि चेंडूगणिक एक नाणं डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचे.

"हे सगळं ठीक आहे," मामा म्हणाले, "पण अंपायरचं खरं सामान काय, ठाऊक आहे? मूत्राशय. लंचपर्यंत जागा सोडायची नाही."

"जेवणं झालीत म्हणून बरं," मामी आतून म्हणाल्या.

संध्याकाळी तलावपाळीला फेरी. कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही मासुंद्याच्या कठड्याशी उभे राहिलो. कसोटी अंपायर पिलू रिपोर्टर ठाण्यात राहायचे हे ठाण्यातल्याच नव्या पोरांना माहीत नसतं, हे मामांचं जुनं दुखणं. रिपोर्टर ३ सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातच गेले, वय ८४. वीज मंडळात नोकरी करणारा माणूस, पेपरात मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनची अंपायर हवेत अशी जाहिरात बघतो आणि तिथून १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांपर्यंत पोचतो. मोठं क्रिकेट ते खेळले नव्हते. मामा हे आवर्जून सांगतात, कारण "अंपायर व्हायला आधी मोठा खेळाडू असावं लागतं" असं कोणी म्हणालं की मामा चिडतात.

१९८६ साली पाकिस्तानात वेस्ट इंडिजची मालिका होती. फैसलाबादच्या पहिल्या कसोटीत पाकिस्तानचेच अंपायर होते आणि वेस्ट इंडिजचा दुसरा डाव ५३ धावांत आटोपला. घरच्या अंपायरांवरून होणारी कुजबुज त्या काळात प्रत्येक देशात चालायची. पाकिस्तानचा कप्तान इम्रान खानने तटस्थ, म्हणजे तिसऱ्याच देशाच्या अंपायरांचा आग्रह धरला होता, आणि लाहोरच्या कसोटीला भारतातून दोघे गेले, व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. त्या सामन्यात पाकिस्तान दुसऱ्या डावात ७७ धावांत गारद झालं आणि डावाने हरलं. बाहेरचे अंपायर मागणारा संघ त्यांच्यासमोर डावाने हरला, आणि अंपायरांबद्दल ब्र काढला नाही. नियम यायला मात्र वेळ लागला. प्रत्येक कसोटीत एक तटस्थ अंपायर १९९४ पासून आणि दोघेही तटस्थ २००२ पासून.

रिपोर्टर चौकाराची खूण एका खास झटक्याने करायचे. मामांनी ती तलावपाळीवर करून दाखवली. पाणीपुरीवाल्याला वाटलं, त्याला बोलावतायत.

शनिवार

सकाळी लवकर कोर्ट नाक्याकडे. सेंट्रल मैदानाच्या एका अंगाला न्यायालयं आणि जवळच ठाण्याचा तुरुंग, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेला किल्ला. कोर्ट आणि तुरुंग दोन्ही हाकेच्या अंतरावर असलेल्या मैदानात निकाल द्यायला उभं राहायचं, यावर मामांचा एक ठरलेला विनोद आहे. तो मी लिहीत नाही, फारसा चांगला नाही.

सामना दोन कार्यालयांचा. मामा आणि त्यांचे जोडीदार खेळाडूंच्या कितीतरी आधी पोचले. आधी दोन्हीकडच्या यष्टी एका रेषेत आहेत का ते बघितलं, मग क्रीजच्या चुनखडीच्या रेषा, मग सीमारेषेचे झेंडे. एक झेंडा झाडाच्या मुळाशी रोवला होता. चेंडू झाडाला लागला तर काय धरायचं ते दोन्ही कप्तानांना बोलावून आधीच ठरवलं. स्कोअररच्या टेबलाशी जाऊन घड्याळं जुळवली. यातलं काही प्रेक्षकाला दिसत नाही. प्रेक्षक येतो तेव्हा अंपायर नुसते उभे असतात.

मी साइटस्क्रीनच्या बाजूला, मामांच्या पाठीमागे सरळ रेषेत बसले. पाचव्या-सहाव्या षटकात डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे टाकायचा हात यष्टीच्या बाजूला ठेवून, येत होता. तिशीतला असेल, लांब रनअप, चेहऱ्यावर राग कायमचा वस्तीला. चेंडू उजव्या फलंदाजाच्या पॅडवर जोरात आदळला. गोलंदाज अर्ध्या खेळपट्टीपर्यंत धावत गेला, गुडघे वाकवून मागे वळला आणि मामांसमोर दोन्ही हात पसरून ओरडला. स्लिपवाले, पॉइंटवाला, इतकंच काय, ज्याला काही दिसणं शक्य नव्हतं तो फाइन लेगवालाही ओरडला. मामा हलले नाहीत. हात मागे, मान किंचित पुढे. एक क्षण गेला. मग मान डावीकडून उजवीकडे एकदाच. "नॉट आउट." आणि अंगठ्याने क्लिकरचा आवाज.

मी बसल्या जागी तो आउट दिला होता.

लंचला मामा बाहेर आले तेव्हा मी विचारलंच. त्यांनी मातीत काडीने तीन स्टंप काढले. डावखुरा ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा तो अंपायरच्या उजव्या अंगाने येतो आणि त्याचा चेंडू मुळातच उजव्या फलंदाजाच्या लेगकडून ऑफकडे तिरका जात असतो. असा सरळ राहिलेला चेंडू यष्टीवर जायचा तर त्याचा टप्पा बहुतेक वेळा लेग स्टंपच्या बाहेर पडतो, आणि टप्पा लेग स्टंपबाहेर असेल तर पायचीत नाही, पुढचं काहीही बघायची गरज नाही. तो आत वळला तर गोष्ट वेगळी. "हा सकाळपासून एकही आत वळलेला नाही. मी ते पहिल्या षटकापासून बघतोय. निर्णय तेव्हाच अर्धा झालेला असतो."

हे ऐकायला सोपं. पण गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर पडतो तिथे आधी नजर हवी, नो बॉल आहे का बघायला. मोठ्या सामन्यांत २०२० पासून ते काम टप्प्याटप्प्याने तिसऱ्या अंपायरकडे गेलंय, मैदानावर मात्र ते अजून इथल्यालाच करायचंय. तिथून नजर उचलून टप्प्यावर, टप्प्यावरून पॅडवर. ताशी १३० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. ऑफिस सामन्यात वेग कमी असतो, पण ऑफिस सामन्यात रिव्ह्यूही नसतो.

"तुम्ही बोलर होतात, म्हणून कळतं ना?" मी विचारलं.

"कळतं. आणि तेच आड येतं." मामांनी काडी टाकून दिली. "सुरुवातीला चांगला बोलर चांगला बॉल टाकायचा आणि माझं बोट शिवशिवायचं. वाटायचं, या बॉलला विकेट मिळायला हवी. आपल्याला मिळाली नव्हती ना कधी. मग जोडीदार म्हणाला, तू बोलरच्या बाजूने बघतोयस. तू मागून बघ."

एवढंच बोलले आणि पुन्हा आत गेले. दुपारच्या सत्रात विशेष काही घडलं नाही. एका यष्टिरक्षकाने झेलाचं अपील केलं, मामांनी पॅडचा आवाज होता म्हणून नाकारलं, आणि फलंदाजाने पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडवून घेऊन सगळ्यांची कटकट मिटवली. सामना संपल्यावर डावखुऱ्याने मामांशी हात मिळवला नाही. मामांनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या आणि बॅग बंद केली.

परतताना मामलेदार मिसळ. मामा मध्यम तिखट घेतात आणि मला जास्त तिखट घ्यायला लावतात. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा म्हणाले, "अपील आहे?"

रविवार

मामांना आज सामना नव्हता आणि ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक, त्यामुळे नवी मुंबई उद्यावर गेली. मामींनी मटकीची उसळ आणि जिलेबी केली, दुपारी सगळे आडवे झाले. चार वाजता चहा घेऊन गच्चीत बसलो आणि मामांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

२०२२ च्या जुलैत बीसीसीआयने अहमदाबादला अंपायरांची परीक्षा घेतली होती. महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठीचा हा सर्वांत खालचा गट, तरी १४० जण बसले आणि तिघे पास झाले. २०० गुण, त्यांत लेखी १०० चं, बाकी तोंडी, व्हिडिओ आणि शारीरिक क्षमता. मामांनी त्यातले बातम्यांत आलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवलेत.

पहिला: पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो. मी सावलीला सरसकट एकच न्याय लावायच्या बेतात होते, तेवढ्यात मामी भाजी निवडत म्हणाल्या, "झाडाला काय सांगणार? माणसाला सांगायचं, हलू नकोस." उत्तर तेच. झाडाची आणि इमारतीची सावली धरायची नाही. क्षेत्ररक्षकाने स्थिर राहायचं, नाहीतर डेड बॉल, म्हणजे तो चेंडू धरायचाच नाही.

दुसरा: गोलंदाजाच्या बोटाला खरोखर जखम आहे, पट्टी काढली तर रक्त येईल. काढायला सांगायची? सांगायची. टाकायचं तर पट्टीशिवाय.

तिसरा मजेदार. चेंडू शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटमध्ये अडकतो, धक्क्याने हेल्मेट डोक्यावरून निघतं आणि ते जमिनीला लागायच्या आत तो झेलतो. आउट? मी म्हटलं आउट, मामी म्हणाल्या, "त्याने हेल्मेट झेललंय, बॉल नाही." नॉट आउट. चहाचे कप घेऊन मामी आत गेल्या. परीक्षेला मी बसू की मामी, असा प्रश्न आहे.

पुढचा तासभर मामा बोलले आणि मी ऐकलं. आपल्याकडे मोठा खेळाडू आणि मोठा अंपायर असं दोन्ही म्हणायचं तर श्रीनिवास वेंकटराघवन. चेन्नईचे ऑफस्पिनर, प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर यांच्यासोबतचे चौथे. १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पदार्पण, त्याच मालिकेत दिल्लीला एका डावात ७२ धावांत ८ बळी. ५७ कसोटी, १५६ बळी. १९७५ आणि १९७९ च्या विश्वचषकांत भारताचे कप्तान. १९७९ चा इंग्लंड दौरा संपवून संघ विमानाने परतत असताना कप्तानी गावसकरांकडे गेल्याची घोषणा विमानातच झाली आणि वेंकटना ती तिथे बसल्या जागी ऐकावी लागली. शेवटची कसोटी १९८३ मध्ये. मग जानेवारी १९९३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते कोलकात्यात भारत-इंग्लंड कसोटीत पांढरा कोट घालून उभे राहिले.

आणि २००४ पर्यंत ७३ कसोटींत उभे राहिले, खेळले त्याहून जास्त. २००२ मध्ये आयसीसीचं एलिट पॅनेल, म्हणजे सर्वांत वरच्या अंपायरांचा गट, झालं तेव्हा पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं. कप्तान राहिलेल्या माणसाने पुन्हा मैदानात उतरायचं ते कोणाची तरी टोपी आणि स्वेटर धरायला, वयाने निम्म्या पोरांचं ओरडणं ऐकायला. मला तर विमानातल्या घोषणेपेक्षा हे अवघड वाटतं. मामांचं मत वेगळं. ते म्हणतात, वेंकट मुळातच इंजिनिअर, त्यांना मोजमाप आवडत असणार.

मग त्यांनी १९९९ चा सामना काढला. १७ जून, एजबॅस्टन, विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघांच्याही २१३ धावा आणि डोनाल्डचा तो धावबाद. सामना सगळ्यांना आठवतो. मामांना आठवतं ते असं की अंपायर होते डेव्हिड शेफर्ड आणि वेंकटराघवन. आणि शेवटून दुसऱ्या षटकात मॅकग्राच्या गोलंदाजीवर क्लूझनरचा उंच गेलेला फटका सीमारेषेवर पॉल रायफलच्या हातांतून निसटून षटकार गेला होता. त्या घटकेला रायफलला कोणी सांगितलं असतं की तूही एक दिवस त्या यष्ट्यांमागे उभा असशील, तर! ३५ कसोटी खेळून झाल्यावर तो अंपायर झाला आणि एलिट पॅनेलपर्यंत गेला. डिसेंबर २०१६ मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी भुवनेश्वरकुमारची फेक त्याच्या डोक्याला लागली. त्याला बाहेर जावं लागलं आणि तिसरे अंपायर मराय इरास्मस आत आले. तेही एकेकाळी बोलँडकडून खेळलेले.

कुमार धर्मसेनाचं नाव मीच काढलं. १९९६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या श्रीलंकेच्या संघात तो होता, अंतिम सामना खेळला. २०१५ ला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात अंपायर म्हणून उभा राहिला. विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला आणि नंतर त्यात अंपायरिंग केलेला तो पहिला माणूस. पण धर्मसेना म्हटलं की लोकांना २०१९ च्या विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आठवतो, धावणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेलेली क्षेत्ररक्षकाची फेक आणि पाचाऐवजी दिलेल्या सहा धावा. नंतर त्याने ती चूक कबूलही केली. मला वाटतं, यात रिप्ले बघणाऱ्या आपल्या सगळ्यांचा उर्मटपणा आहे. फेकीच्या क्षणी दोन फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं होतं का (ती जादा धाव त्यावरच ठरते), हे लाखाच्या गोंगाटात नुसत्या डोळ्यांनी सांगा म्हणावं. लॉर्ड्सवर लाख माणसं मावत नाहीत म्हणून मामांनी मला लगेच टोकलं. अंपायर.

आत्ताचं नाव नितीन मेनन, इंदूरचा. मध्य प्रदेशकडून लिस्ट ए, म्हणजे मर्यादित षटकांचे दोनच सामने खेळला, वडील नरेंद्र मेनन आंतरराष्ट्रीय अंपायर होते. हा २०२० पासून एलिट पॅनेलवर आहे. फार खेळला नाही हे त्याच्या पथ्यावरच पडलं असावं, असं माझं मत. मामा यावर काहीच बोलले नाहीत.

सोमवार

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, एका बाजूला डोंगर आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत गेलेल्या सेक्टरांच्या इमारती. तुर्भ्याला ही लाइन फुटते, वाशीची गाडी सानपाड्याकडे जाते आणि आपली जुईनगरवरून नेरूळला. मामा खिडकीत बसून सगळ्या स्टेशनांची नावं घोषणेच्या आधी म्हणत होते.

नेरूळला माझी विद्यापीठातली मैत्रीण मुलींना शिकवते. आधी डी. वाय. पाटील स्टेडियम बाहेरून बघून घेतलं. २००८ मध्ये उघडलं, हाफीज काँट्रॅक्टर यांचं डिझाइन, छपराला प्रेक्षकांसमोर एकही खांब नाही. पहिल्या आयपीएलची फायनल इथलीच. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही इथेच. शेफालीच्या ८७ धावा आणि दीप्तीचे ५ बळी सगळ्यांना पाठ आहेत. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकात आणखी एक गोष्ट त्या वेळी पहिल्यांदा झाली होती. अंपायर आणि मॅच रेफ्री, सगळ्या बायका. १४ अंपायर आणि ४ रेफ्री. त्यांत इंग्लंडकडून कसोटी खेळलेल्या स्यू रेडफर्न होत्या, आंध्रच्या माजी क्रिकेटपटू जी. एस. लक्ष्मी होत्या, ज्या २०१९ मध्ये आयसीसीच्या पहिल्या महिला मॅच रेफ्री झाल्या, आणि आपल्या तीन अंपायर: एन. जननी, गायत्री वेणुगोपालन आणि नवी मुंबईची वृंदा राठी.

वृंदा राठीसाठीच मला इथे यायचं होतं, म्हणजे त्यांच्या गावात. भेट वगैरे नाही. त्या मुंबई विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करायच्या. पुढे स्कोअरर झाल्या. २०१३ चा महिला विश्वचषक भारतात होता, त्यात बीसीसीआयच्या स्कोअरर म्हणून काम करताना त्यांनी न्यूझीलंडच्या अंपायर कॅथी क्रॉस यांना पाहिलं आणि हेही करता येतं हे डोक्यात बसलं. २०२० मध्ये आयसीसीच्या डेव्हलपमेंट पॅनेलवर. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पुरुषांच्या सामन्यांत पहिल्यांदा महिला अंपायर उभ्या राहिल्या, तेव्हा पर्वरीच्या गोवा-पुदुच्चेरी सामन्यात त्या होत्या.

विद्यापीठ, मध्यमगती, पुढे रस्ता नाही. इथपर्यंत माझीही कथा तीच. फरक एवढाच की रस्ता संपल्यावर त्यांनी स्कोअरबुक उघडलं. मैदानात राहण्यासाठी जे मिळेल ते काम करायचं, त्यातून पुढचं दिसतं. मी शिट्टी घेतली, त्यातून मला काय दिसलं ते अजून ठरायचंय.

मैत्रिणीच्या मुलींचा सराव सामना होता. तिने मला न विचारता टोपी दिली. "बोलर एंडला तू. मामा, स्क्वेअर लेगला तुम्ही उभे राहता?" मामा निघालेच होते.

यष्ट्यांमागून खेळपट्टी किती अरुंद दिसते हे बावीस यार्ड धावत आलेल्या गोलंदाजाला कळत नाही. गोलंदाजाच्या नजरेत फक्त समोरचे स्टंप असतात. इथे कानाशी गोलंदाजाचा श्वास, मग बुटाचा क्रीजवर पडलेला आवाज, मग समोरचं सगळं. पहिल्या षटकात मी पाय बघितला तर टप्पा निसटला, टप्पा बघितला तर पाय. तिसऱ्या षटकापासून जरा जमायला लागलं. क्लिकर घामाने निसटत होतं.

मग एक मुलगी आली, तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, डाव्या मनगटाला लाल दोरा. धाव छोटी, पण शेवटच्या दोन ढांगा अशा की मला जुनं काहीतरी आठवलं. चेंडू ऑफ स्टंपच्या रेषेत टप्पा पडून आत आला आणि फलंदाजाच्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या पॅडला लागला. ती वळली आणि ओरडली, सगळा जीव ओतून. माझ्यातल्या गोलंदाजाला तो आउट हवा होता. इतका सुंदर चेंडू. बोट खरंच शिवशिवतं, मामा खोटं सांगत नव्हते. मी थांबले. टप्पा, लाइन, उंची. उंची जास्त होती. मान हलवली.

ती परत जाताना जवळून म्हणाली, "टीचर, काय होतं?"

"उंच होता."

"किती?"

मी हाताने दाखवलं. तिने मान डोलावली, बोटं चाटली आणि रनअपच्या खुणेकडे गेली. पुढचा चेंडू तिने थोडा पुढे टाकला. पुन्हा अपील झालं नाही, पण फलंदाज खेळलीही नाही.

मामा स्क्वेअर लेगवरून काहीच बोलले नाहीत, जेवतानाही नाहीत. संध्याकाळी त्यांच्या आग्रहाने फ्लेमिंगो बघायला खाडीकडे गेलो. लांब, चिखलात, गुलाबी ठिपके, आणि आमच्यासारखे शंभर मोबाइलवाले. मामांनी पाच मिनिटांत परत फिरायला लावलं, गुडघा दुखत होता.

मंगळवार

सकाळी मामींसोबत राममारुती रोडला खरेदी, दुपारी झोप. मामांनी नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. पानं दुमडलेली, समासात बारीक अक्षरांत टिपणं. अर्ज भरायला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विषय काढला नाही. फी किती, तोंडी परीक्षा कुठे होते, एवढं मात्र विचारून घेतलं.

संध्याकाळी पंचवटीला पोचवायला स्टेशनवर आले. गर्दीत उभं राहून त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. "अंपायर मोजायला चुकला. सहा बॉल झाले तरी ओव्हर पुकारली नाही. सातव्या बॉलवर दांडी उडाली. काय देशील?"

"आउट."

"का? सातवा बॉल ना?"

"अंपायरने मोजली ती ओव्हर."

"नियम कितवा?"

गाडी आली. मला आकडा आठवला नाही, आणि ढकलाढकलीत दार गाठण्यातच सगळं लक्ष. खिडकीतून पाहिलं तर मामा बोटांनी काहीतरी खूण करत होते. एक आणि मग सात. कसाऱ्याच्या पुढे रेंज गेली, त्याआधी मेसेज आला: "सतरा. पाचवं कलम. वाच." पुस्तक काढलं, वाचलं. आउटच होता.